एक भागिले कार्यक्षमता, वजा एक: फ्रिजच्या सीओपीचं हे गणित कुठवर चालतं?

जेईई किंवा नीटची तयारी केलेल्या बहुतेकांना हे गणित कधी ना कधी भेटलेलं असतं. एका कार्नो इंजिनाची (पुस्तकातल्या आदर्श इंजिनाची) कार्यक्षमता एक दशांश आहे. तेच इंजिन उलटं चालवून त्याचा फ्रिज केला आणि त्यावर १० जूल कार्य केलं, तर थंड भागातून किती उष्णता उचलली जाईल? मुलं पेन उचलतात. एक भागिले ०.१ म्हणजे १०, त्यातून १ वजा, राहिले ९, गुणिले १०. उत्तर ९० जूल. दहा सेकंदांचं काम, आणि उत्तर बरोबरही आहे.

मग त्याच मुलांना विचारावं: घरच्या फ्रिजचा सीओपी (कोइफिशंट ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे एक जूल कार्यात किती जूल उष्णता उपसली जाते तो आकडा) समजा ३ आहे, तर तो उलटा चालवल्यावर किती कार्यक्षमतेचं इंजिन होईल? तितक्याच बिनधास्तपणे उत्तर येतं: ३ अधिक १ म्हणजे ४, म्हणून एक चतुर्थांश, म्हणजे २५ टक्के. हे मात्र साफ चूक. ते खरं असतं, तर वीज किंवा इंधन काहीच न घेता चालणारा फ्रिज केव्हाच दुकानात आला असता.

सूत्र तेच, आकडेमोड तशीच, तरी एकदा बरोबर आणि एकदा चूक. असं का होतं ते आधी कागदावर पाहू, मग स्वतःच्या फ्रिजवर मोजून पाहू.

पायरी १: आधी जमाखर्च मांडा

सूत्र आठवत बसण्याआधी तीन अक्षरं ठरवून घ्या. गरम बाजूची उष्णता ग, थंड बाजूची उष्णता थ, आणि कार्य क.

इंजिन गरम बाजूकडून ग घेतं, त्यातून क एवढं कार्य काढतं आणि उरलेली थ थंड बाजूला टाकतं. फ्रिजमध्ये सगळे बाण उलटे: थंड बाजूतून थ उचलायची, कॉम्प्रेसरनं क ओतायचं, आणि दोन्ही मिळून ग मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडायची. दोन्हीकडे हिशोब एकच:

ग = थ + क

आज हे इतकं सरळ वाटतं, पण ज्याच्या नावानं हे इंजिन ओळखलं जातं त्या सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ साली आपलं पुस्तक छापलं तेव्हा त्यात हे समीकरण नव्हतं. उष्णता हा न आटणारा द्रव आहे, असा त्या काळचा समज होता. पाणी उंचावरून पडताना चक्की फिरवतं, पण पाणी कमी होत नाही, तसंच उष्णतेचं, असं तो धरून चालला होता. म्हणजे त्याच्या मांडणीत ग आणि थ सारखेच. उष्णतेचा काही भाग खरोखर खर्ची पडून त्याचं कार्य होतं, हे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनंतर पक्कं झालं आणि १८५० मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसियसनं कार्नोची मांडणी आणि हा जमाखर्च यांचा मेळ घातला. कार्नो १८३२ मध्येच कॉलऱ्यानं गेला होता, वय अवघं ३६.

आता व्याख्या. दोन्हींचा गाभा एकच: जे हवं आहे ते वर, ज्याचे पैसे मोजतो ते खाली.

इंजिनाची कार्यक्षमता = क ÷ ग
फ्रिजचा सीओपी = थ ÷ क
हीट पंपाचा (यंत्र फ्रिजचंच, पण गरम बाजूला सोडलेली उष्णता वापरायची) सीओपी = ग ÷ क

सीओपी एकापेक्षा जास्त आला की काही जण दचकतात, ‘कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर कशी?’ म्हणून. विहिरीवरची मोटर आठवा. मोटर पाणी तयार करत नाही, असलेलं पाणी वर चढवते. फ्रिजसुद्धा विजेची थंडी करत नाही, आतली उष्णता बाहेर उपसतो. विहीर उथळ असेल तर थोड्या विजेत भरपूर पाणी वर येतं. इथे विहिरीची खोली म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातला फरक.

पायरी २: पूल बांधा

फ्रिजच्या सीओपीत थ च्या जागी ग वजा क घाला:

सीओपी = (ग − क) ÷ क = ग ÷ क − 1

ग ÷ क ही इंजिनाच्या कार्यक्षमतेची उलट. म्हणून

फ्रिजचा सीओपी = १ ÷ कार्यक्षमता − १

हीट पंपासाठी तर वजा एकसुद्धा नको, सरळ १ ÷ कार्यक्षमता. त्यामुळे हीट पंपाचा सीओपी फ्रिजच्या सीओपीपेक्षा नेमका एकानं मोठा. लॉर्ड केल्विननं १८५२ मध्येच उलटं इंजिन वापरून इमारती गरम ठेवायची कल्पना मांडली होती. कोळसा थेट जाळण्यापेक्षा त्यात इंधन कमी लागेल, हे त्यानं हिशोबानं दाखवलं.

आता वरच्या ओळी पुन्हा वाचा आणि त्यात एक गोष्ट हळूच कुठे शिरली ती शोधा. फ्रिजचे ग आणि क लिहिता लिहिता आपण ‘इंजिनाची कार्यक्षमता’ म्हणून गेलो. म्हणजे इंजिन म्हणून चालताना यंत्राचे जे ग, थ, क होते, तेच आकडे फ्रिज म्हणून चालतानाही राहतात, फक्त दिशा बदलते, असं आपण न सांगता गृहीत धरलं. अट ही आहे, आणि गणितात ती ‘कार्नो’ या एका शब्दात दडलेली असते: कार्नो इंजिन म्हणजे तोट्याविना उलटणारं इंजिन.

पायरी ३: पूल कुठे तुटतो ते पाहा

अकोले तालुक्यातल्या घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प अनेकांनी ऐकला असेल. विजेची मागणी वाढली की वरच्या जलाशयातलं पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी परत वर चढवायचं. एकच यंत्र, दोन्ही दिशा. पण एक घनमीटर पाणी खाली येताना जेवढी वीज मिळते, तेवढ्याच विजेत ते घनमीटर परत वर जात नाही. पाइपातलं घर्षण उतरतानाही खातं आणि चढतानाही खातं. दिशा उलटते, तोटा उलटत नाही.

फ्रिजचंही नेमकं हेच. आणि त्यातला एक भाग असा आहे की तो बिचारा उलटा चालूच शकत नाही: कॅपिलरी. केसासारख्या बारीक भोकाच्या या नळीतून जास्त दाबाचा द्रव कमी दाबाच्या कॉइलमध्ये झिरपतो. फ्रिज खरोखर उलटा चालवायचा, तर कमी दाबाच्या बाजूचं मिश्रण आपण होऊन कॅपिलरीतून जास्त दाबाच्या बाजूला चढायला हवं. ते कधीच होणार नाही. शिवाय कॉम्प्रेसरमधलं घर्षण, मोटरचं तापणं, जाळी आणि हवा यांच्या तापमानातली दरी, हे सगळे एकाच दिशेचे व्यवहार.

आकड्यांनी पाहू. थंड बाजू २७० केल्विन, म्हणजे साधारण उणे ३ अंश सेल्सियस. गरम बाजू ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश. या दोन तापमानांत कार्नो इंजिनाची कार्यक्षमता १० टक्के आणि कार्नो फ्रिजचा सीओपी ९. सुरुवातीचं परीक्षेतलं गणित नेमकं हेच.

आता एक खरं, घर्षणानं गांजलेलं इंजिन घ्या. याच तापमानांत त्याची कार्यक्षमता ५ टक्केच आहे. सूत्रात घाला: १ ÷ ०.०५ − १ = १९. इंजिन निम्म्यानं वाईट, आणि त्याचा फ्रिज कार्नोच्या दुपटीहून चांगला! हा फ्रिज खरंच असता तर काय झालं असतं? कार्नो इंजिनानं गरम बाजूकडून १०० जूल घेतले, १० जूल कार्य केलं, ९० जूल थंड बाजूला टाकले. ते १० जूल या फ्रिजला दिले. त्यानं थंड बाजूतून १९० जूल उचलले आणि २०० जूल गरम बाजूला सोडले. गोळाबेरीज करा. बाहेरून काहीही न देता १०० जूल उष्णता थंडाकडून गरमाकडे गेली. क्लॉसियसनं सांगितलेला उष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतो, हे होत नाही.

सुरुवातीला विचारलेला प्रश्न हीच चूक दुसऱ्या टोकानं करतो. याच तापमानांत चालणारा ३ सीओपीचा फ्रिज अगदीच सामान्य. पण ‘उलटा केला की २५ टक्के’ म्हटलं, तर तो जिथे कार्नोलाही १० टक्केच मिळतात तिथे २५ टक्के काढतो आहे!

म्हणून वहीत दोन वेगळे रकाने करा. ‘हीट पंपाचा सीओपी = फ्रिजचा सीओपी + १’ हे नुसत्या ऊर्जेच्या हिशोबावर उभं आहे. यंत्र एकच आहे आणि एकाच दिशेनं चालतं आहे, त्यामुळे ते खटारा फ्रिजलाही लागू. ‘सीओपी = १ ÷ कार्यक्षमता − १’ मात्र यंत्र तोट्याविना उलटतं असं धरतं. ते फक्त आदर्श यंत्राला लागू. माझ्या मते पुस्तकांनी ही दोन सूत्रं एकाच चौकटीत छापणं बंद केलं, तर निम्मा गोंधळ संपेल.

पायरी ४: तापमानात लिहा, आणि केल्विन विसरू नका

आदर्श यंत्रात उष्णतांचं गुणोत्तर हे केल्विन तापमानांच्या गुणोत्तराएवढंच असतं. त्यामुळे

आदर्श कार्यक्षमता = तापमानांतला फरक ÷ गरम तापमान
आदर्श सीओपी = थंड तापमान ÷ तापमानांतला फरक

फरक सेल्सियसमध्ये काढला तरी चालतो, पण एकटं तापमान केल्विनमध्येच हवं (सेल्सियसमध्ये २७३ मिळवा). एकानं फ्रीजरचे उणे १८ अंश तसेच घातले आणि सीओपी ऋण आला, तरी उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या.

गरम बाजू ३०० केल्विन ठेवून फरक वाढवत न्या:

फरक १० असेल तर कार्यक्षमता ३.३ टक्के, सीओपी २९.
फरक ३० असेल तर १० टक्के आणि ९.
फरक ६० असेल तर २० टक्के आणि ४.
फरक १५० असेल तर ५० टक्के आणि १.

इंजिनाला मोठी दरी हवी, फ्रिजला लहान. आणखी खाली उतरा, तर एमआरआय यंत्रातल्या चुंबकाला लागणारा द्रव हीलियम ४.२ केल्विनला उकळतो. तिथून एक जूल उपसायला आदर्श यंत्रालाही सुमारे ७० जूल लागतात. तिथे सीओपी शून्याला टेकतो आणि कुणाला ‘शंभर टक्क्यांच्या वर’ची शंकाही येत नाही.

पायरी ५: आपल्या फ्रिजचा खरा सीओपी मोजा

लागणाऱ्या वस्तू: प्लगमध्ये लावायचं छोटं एनर्जी मीटर, एकेक लिटरच्या दहा बाटल्या, स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा थर्मामीटर. घरात स्टॅबिलायझर असेल तर मीटर स्टॅबिलायझर आणि फ्रिज यांच्या मधे लावा, नाहीतर स्टॅबिलायझर खातो ती वीजही फ्रिजच्या नावावर पडेल.

आधी दोन-तीन दिवस नेहमीसारखा फ्रिज चालू द्या आणि रोज ठरावीक वेळी वाचन घ्या. हा झाला पायाचा खर्च: भिंतीतून, दाराच्या रबरातून आत शिरणारी उष्णता, दाराची उघडझाप, सगळं त्यात आलं. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच बाटल्या साध्या पाण्यानं भरून आत ठेवा. ठेवताना आणि काढताना पाण्याचं तापमान लिहा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज मधूनमधून बर्फ वितळवायला आतला हीटर चालवतो, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, सरासरी घ्या. आणि हे दिवस घरात पाहुणे नसताना निवडा.

समजा पाणी ३० अंशांवरून ६ अंशांवर आलं. उपसलेली उष्णता:

१० किलो × ४.१८६ × २४ = सुमारे १००५ किलोजूल

एक युनिट म्हणजे ३६०० किलोजूल, म्हणून ही उष्णता ०.२७९ युनिट. समजा पायाचा खर्च रोज ०.७० युनिट होता आणि बाटल्यांच्या दिवशी ०.८५५ झाला. जास्तीची वीज ०.१५५ युनिट.

सीओपी = ०.२७९ ÷ ०.१५५ = १.८

हा वाढीव भारावरचा सीओपी आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर भारानुसार आपला वेग बदलतो, त्यामुळे बाटल्या कमीजास्त केल्या की आकडा थोडा हलेल.

पायरी ६: आदर्शाच्या किती जवळ?

आता कार्यक्षमता हा शब्द फ्रिजला प्रामाणिकपणे लावता येतो. खरा सीओपी भागिले आदर्श सीओपी. याला दुसऱ्या नियमाची कार्यक्षमता म्हणतात, आणि ती कधीच शंभर टक्क्यांच्या वर जात नाही. अडचण एकच: आदर्श सीओपी काढायला कुठली तापमानं धरायची? स्वयंपाकघर ३२ अंशांवर आहे असं समजा आणि तिन्ही पर्याय करून पाहा.

आतला कप्पा ४ अंश, बाहेर ३२: आदर्श सीओपी २७७ ÷ २८, म्हणजे ९.९. आपले १.८ म्हणजे १८ टक्के.

फ्रीजर उणे १८ अंश, बाहेर ३२: २५५ ÷ ५०, म्हणजे ५.१. आपण ३५ टक्के.

कूलिंग कॉइल उणे २५ अंश, मागची जाळी ४५ अंश: २४८ ÷ ७०, म्हणजे ३.५. आपण ५१ टक्के.

तिन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. शेवटचं उत्तर कॉम्प्रेसर, कॅपिलरी आणि गॅस मिळून किती नीट काम करतात ते सांगतं. दुसरं उत्तर त्यात कॉइल आणि जाळीच्या दरीचा तोटा मिळवतं. कॉइलला फ्रीजरपेक्षा थंड आणि जाळीला खोलीपेक्षा गरम राहावंच लागतं, नाहीतर उष्णता वाहणारच नाही. पहिल्या उत्तरात मात्र एक चैन दिसते: पाणी ४ अंशांपर्यंतच गार करायचं होतं, आणि त्यासाठी आपण उणे २५ अंशांच्या विहिरीतून उष्णता उपसली. दोन कप्प्यांना एकच कॉइल पुरवणाऱ्या फ्रिजमध्ये हे टळत नाही.

हीच फूटपट्टी एसीला लावली की गंमत होते. दीड टनाचा एसी म्हणजे १.५ × ३.५१७, साधारण ५.३ किलोवॉट उष्णता. दीड किलोवॉट वीज घेत असेल तर सीओपी ३.५. फ्रिजच्या जवळपास दुप्पट! पण प्रमाण चाचणीत आत २७ अंश आणि बाहेर ३५ अंश असतात. फरक फक्त ८ अंशांचा, आदर्श सीओपी ३७.५. म्हणजे एसी आदर्शाच्या ९ टक्क्यांवर. सीओपी निम्मा असलेला फ्रिज दुसऱ्या नियमाच्या दरबारात दुप्पट गुण घेऊन जातो. एसीची आतली कॉइल ८ आणि बाहेरची ५० अंशांवर धरली, तर आदर्श ६.७ आणि गुण ५२ टक्के, म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर फ्रिजच्या तोडीचाच आहे, जास्तीचा तोटा कॉइलच्या दरीत आहे. एसीच्या बाजूनं इतकं म्हणायला हवं की त्याला हवेतला दमटपणाही काढायचा असतो. त्यासाठी कॉइल दवबिंदूच्या खाली न्यावीच लागते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती सवलत तो पुरेपूर वसूल करतो.

पायरी ७: एक अंशाची किंमत

आदर्श सूत्रातूनच काढता येते. कॉइल उणे २५, जाळी ४५, दरी ७० अंश. जाळी एका अंशानं जास्त तापली की सीओपी ७० ऐवजी ७१ नं भागला जातो, म्हणजे साधारण १.४ टक्के घट. कॉइल एका अंशानं जास्त थंड करावी लागली तर दरी वाढतेच, शिवाय भागाकारातलं वरचं थंड तापमानही घटतं, म्हणून घट १.८ टक्के. थंड बाजूचा अंश गरम बाजूच्या अंशापेक्षा महाग.

यावरून कामांचा क्रम लावा. फ्रीजरच्या भिंतीवर बोटभर बर्फ साचला असेल तर तो आधी काढा, कारण बर्फाच्या थरामागे कॉइलला आणखी थंड व्हावं लागतं. थर्मोस्टॅटची चकती उगाच शेवटच्या आकड्यावर असेल तर मागे घ्या. मग फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ ब्रशनं झाडा. जाळी पाठीमागे दिसत नसेल, तर ती बाजूच्या पत्र्याच्या आत आहे. मग दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा सोडा आणि तिथे पिशव्या कोंबू नका. पुन्हा दहा बाटल्या भरा आणि मीटर लावा. जाळी पाच अंशांनी उतरली असेल, तर हिशोबानं १.८ चा आकडा १.९ च्या पुढे गेलेला दिसायला हवा.